आधी खाली उतरा

लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी अटी घालायच्या आणि मुलीच्या बापानं मान डोलवायची, ही आपल्याकडची रीत. अंगठी, कपडे, वऱ्हाडाचं जेवण, मानाची पातळं, सगळं असंच ठरत जातं. निमगाव केतकीत झालेल्या एका बैठकीत मात्र मुलीच्या बापानं अट घातली. तो म्हणाला, "द्यायचं-घ्यायचं तुमी म्हणाल तसं. माजी एकच गोष्ट. जावयानं भरलेली गाडी माज्या काट्यावर तोलल्याबिगर फुडं न्यायची न्हाय. लाकूड कुठनंबी भरू द्या, कुठंबी खाली करू द्या. आधी माजा काटा."

बैठकीत हशा पिकला. मुलाचा चुलता म्हणाला, तात्या, पोरगी देताय का गिऱ्हाईक पक्कं करताय? तात्या हसले नाहीत. ते हसायचे फार क्वचित, आणि हसायचे तेव्हा नेमकं हसण्यासारखं काही घडलेलं नसायचं. सुपारी अडून राहिली. शेवटी नवरा मुलगाच म्हणाला, "दिला शब्द, मामा." लग्नाच्या आधीच त्यानं सासऱ्याला मामा करून टाकलं म्हणून पुन्हा एकदा हसणं झालं आणि सुपारी फुटली.

हा मुलगा म्हणजे अंथुर्ण्याचा दत्तू. आमच्या बारामतीच्या लाकडाच्या वखारीवर तो ट्रक चालवायचा. मी त्याच वखारीत कारकून होतो आणि मालकांना सवड नव्हती म्हणून त्यांच्या वतीनं बैठकीला बसलो होतो. दत्तूनं शब्द दिला आणि तो शेवटपर्यंत पाळला. पाळला नसता तर कदाचित आज जिवंत असता. हे मी गेली कितीतरी वर्षं मनात घोळवतोय.

तात्यांचा वजनकाटा पुणे-सोलापूर हायवेला लागून होता, इंदापूरच्या अलीकडं. तात्या मूळचे पळसदेवचे. म्हणजे जुन्या पळसदेवचे, जे उजनीच्या पाण्याखाली गेलं. घर, आवार, मेंढरांचे वाडे, सगळं बुडालं आणि त्याचे जे काही पैसे हातात आले त्यातून भावकीनं रान घेतलं, ट्रॅक्टर घेतले, कुणी उडवलेही. तात्यांनी काटा बसवला. लोक म्हणायचे, ह्या येड्यानं गाव देऊन तराजू घेतला. खड्ड्यावर ट्रक मावेल एवढा लोखंडी पाट, शेजारी पत्र्याची खोली, खोलीत लांब दांडी आणि तिच्यावर सरकवायचं वजन. दांडी समतोल झाली की तात्या आकडा मोठ्यानं वाचायचे. हायवेवरून जाणाऱ्यालाही ऐकू जावा असा वाचायचे. आकडा चोरून सांगायची गोष्ट नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या काळातल्या ट्रकच्या दारावर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन पांढऱ्या रंगात लिहिलेलं असायचं. दोन्हीतला फरक तेवढाच माल भरायचा, असा कायदा. आमच्यासारख्या गाड्यांचा तो फरक नऊ टनांच्या आसपास यायचा, म्हणून सगळे तिला नऊ टनी म्हणायचे. नऊ टनीत नऊ टन भरणारा माणूस मात्र दिवसा कंदील घेऊन शोधावा लागायचा. बहुतेक ड्रायव्हर दारावरच्या त्या आकड्यांवर चिखल फासून ठेवत, म्हणजे तपासणीवाल्यानं गाडी अडवलीच तर निदान वाचायला वेळ लागेल. तात्या गाडी आली की आधी ओल्या फडक्यानं तो चिखल पुसत. आकडे पुसट झाले असतील तर खोलीतून रंगाचा डबा आणि कुंचला आणत आणि ड्रायव्हर शिव्या घालत असताना शांतपणे आकडे गिरवत. त्यांचं अक्षर सुरेख होतं. सोलापूर ते पुणे रस्त्यावर कितीतरी गाड्या तात्यांच्या हस्ताक्षरात वजन मिरवत हिंडायच्या.

पोत्यांच्या गाडीत लपवाछपवी फार चालत नाही, कारण पोती मोजता येतात. लाकडाचं तसं नसतं. एक बाभूळ दुसऱ्या बाभळीसारखी नसते, म्हणून भरणारे हमाल सगळा अंदाज उंचीवर बांधत. हौद्याच्या फळीच्या वर हातभर लाकूड आलं की गाडी भरली. ओली तोड असेल तर थोडं कमी, वाळकी असेल तर थोडं जास्त. हा अंदाज बहुतेक वेळा जरा उदारच असायचा. मग तात्या दांडीवरचा आकडा वाचत आणि म्हणत, "दोन खोडं काढा." मालक कोण आहे, घाई किती आहे, पुढं कुणाची गाडी तुंबली आहे, काही बघायचे नाहीत. काढलेली खोडं काट्यामागं रचून ठेवलेली असत. परत येताना घेऊन जा म्हणत, पण एकदा गाडी पुढं गेली की दोन ओंडक्यांसाठी कोण मागं येतो? त्यामुळं काट्यामागं लाकडाचा मोठा ढीग साठला होता. तात्यांची बायको चुलीसाठी सरपण इंदापूरच्या बाजारातून विकत आणायची. त्या ढिगातली काडीही त्यांनी कधी जाळू दिली नाही. गावातली माणसं रात्रीची येऊन त्यातलं खुशाल न्यायची, तेही त्यांना माहीत असायचं.

आमच्या मालकांनी एकदा त्यांना समजावून पाहिलं, मला घेऊनच गेले होते. म्हणाले, तात्या, सरकारचा नियम सरकार बघेल, तुमचं काम वजन सांगायचं. तात्यांनी त्यांच्याकडं न बघता उत्तर दिलं, "सरकारचं कुणाला पडलंय? सरकारनं धा लिवलं तर धा. पर गाडीचा ब्रेक सरकारच्या हापिसात व्हता का बसून, नऊ लिवताना?" पुढं हायवेच्या पलीकडल्या बाजूला दुसरा काटा निघाला. तो काटा गिऱ्हाईकाला विचारून वजन सांगायचा. तात्यांच्या काट्यावर मग दिवसाला चार-पाच गाड्या, तेवढ्याच. त्यातली एक दत्तूची. आमच्या मालकांना डिझेल फुकट जातंय म्हणून राग यायचा, पण दत्तू चांगला ड्रायव्हर होता, त्यामुळं तेही दात-ओठ खाऊन गप्प बसत.

आता तात्यांची दुसरी तऱ्हा सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. गाडी काट्यावर चढली की तात्या हातातली काठी पत्र्यावर आपटायचे आणि म्हणायचे, "आधी खाली उतरा." ड्रायव्हर, क्लीनर, कडेला बसलेली वाटसरू म्हातारी, सगळ्यांनी उतरायचं. गाडीत बकरं असलं तर तेही उतरवायचं. एकदा कुठल्यातरी पुढाऱ्याचा माणूस ट्रकच्या केबिनमध्ये बसून होता. तो उतरेना. माझ्या एकट्याच्या वजनानं असा काय फरक पडतो, म्हणाला. तात्या दांडीला हात न लावता खुर्चीवर जाऊन बसले आणि तंबाखू मळू लागले. तो माणूस तापला, धमक्या देऊन झाल्या, मागं गाड्यांची रांग लागली. अखेर उन्हानं केबिन भाजायला लागली तेव्हा तो उतरला. तात्या उठले आणि वजन केलं.

मी म्हणायचो, हिशोब चोख ठेवायचा म्हणून माणसं उतरवत असतील. तसं नव्हतं. शाळा सुटल्यावर पोरं काट्यावर उड्या मारायला येत, त्यांना ते काठी घेऊन पिटाळायचे. स्वतःचं वजन किती हे त्यांना माहीत नव्हतं. एकदा कावीळ झाली तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी वजनाच्या यंत्रावर उभं राहायला सांगितलं, तर तपासून न घेताच घरी आले आणि गावच्या वैद्याचं औषध घेत बसले. कुसुमला, म्हणजे त्यांच्या मुलीला, मुलगा झाला आणि ती माहेरी आली होती, तेव्हा अंगणवाडीच्या बाई पोराचं वजन करायला घरी आल्या. त्यांच्या हातात टांगायचा काटा आणि झोळी बघून तात्या दारात आडवे झाले. बाई बिचाऱ्या सरकारी काम म्हणून आल्या होत्या, त्या रडकुंडीला आल्या. कुसुम पोराला घेऊन मागच्या दारानं शेजारणीच्या घरी गेली आणि तिथं वजन करून आली. तिनं ते बापाला कळू दिलं नाही, पण मला सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. त्या दिवसांतली तिची तीच एक आठवण मी जपून ठेवलीय.

मी एकदा सरळ विचारलं तेव्हा तात्यांनी सांगितलं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. घरच्या मेंढरांची कधी मोजदाद करायची नाही, असा त्यांच्या घरचा नेम होता. कळप वाड्यात आला की बाप नुसता दारात उभा राहायचा, त्याला एक नजर टाकली की कमी-जास्त कळायचं. मोजलं की दृष्ट लागते, कळप आटतो. तात्या लहान असताना कुणी एक व्यापारी आला, त्याच्यासाठी म्हणून बापानं मेंढरं मोजू दिली आणि त्या पावसाळ्यात रोग येऊन निम्मी मेली. मी म्हणालो, अहो, रोग मोजल्यामुळं येतो होय? तात्या म्हणाले, "न्हाय येत. मलाबी कळतं. पर घरच्या जिवाचं मोजमाप करायचं न्हाय, ह्ये बापानं सांगिटलंय. वजन मालाचं करायचं. जिवाचं न्हाय." वर म्हणाले, मुकाट्यानं चहा प्या. मी प्यायलो. माणूस दिवसभर आकडे वाचतो आणि आकड्यांना घाबरतो, हे मला त्या दिवशी समजलं. त्यावर मी वखारीत पुष्कळ विनोदही केले.

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत एका उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं. जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडलं आणि लोक गाड्या करकरून बघायला गेले. बुडालेल्या घरांचे पाये दिसत होते, जात्यांच्या तळ्या दिसत होत्या, आणि कितीतरी वर्षं पाण्यात उभी राहिलेली झाडं दिसत होती. पानं नाहीत, साल नाही, काळीशार खोडं नुसती. तात्या बघायला गेले नाहीत. काट्यावरून ते ठिकाण काही लांब नव्हतं. बायकोनं विचारलं तर म्हणाले, मेलेल्या माणसाचं तोंड एकदाच बघायचं असतं.

आमच्या मालकांना मात्र त्या खोडांचा वास लागला. तिथल्या काही मंडळींशी त्यांचं बोलणं झालं आणि गाळात ट्रॅक्टर घालून, साखळ्या लावून चार-सहा झाडं बाहेर ओढली गेली. त्यात एक चिंच होती. बुंधा असा की दोन माणसांच्या कवेत आला नसता. मी आणि दत्तू गाडी घेऊन गेलो होतो. क्लीनर भावकीतल्या लग्नाला गेला होता, म्हणून केबिनमध्ये त्याच्या जागी मी. ती चिंच बघून दत्तू तिच्याभोवती फिरला आणि त्यानं मला बोलावलं. बुंध्यात एक लोखंडी कडी होती, लाकडात जवळजवळ गिळली गेलेली. तो म्हणाला, ही मामांची चिंच. कुसुमनं त्याला सांगितलं होतं, दारातल्या चिंचेला आजाचं घोडं बांधायची कडी होती म्हणून.

मालकांचा हुकूम होता की दोन खेपा करा. दत्तूनं ऐकलं नाही. म्हणाला, चिंच अर्धी आज, अर्धी उद्या अशी न्यायची नाही, मामांना सगळी एकदम दाखवू. बुंधा, मोठ्या फांद्यांचे ओंडके, शिवाय रिकाम्या जागेत दोन बाभळी. हमालांनी नेहमीच्या अंदाजानं भरलं, फळीच्या वर हातभर. रोजची उंची, रोजचे दोर. फक्त लाकूड रोजचं नव्हतं. वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसलेलं ते लाकूड. उन्हात पडलेलं वरून कोरडं दिसत होतं आणि दोर आवळला की त्यातून पाणी पाझरत होतं. अंगाला शेवाळ. हमालांच्या हातातून दोनदा निसटलं.

गाडी गाळातून निघाली आणि हायवेला लागली तेव्हा मागचे टायर बसलेले मला आरशात दिसले. मी म्हणालो, दत्तू, जड झालीय रे. तो म्हणाला, "काट्यावर कळंल की. जास्त आसलं तर मामा उतरवून घेत्याल. त्येंचा काटा कशाला हाय मग?" पुढं मी म्हणालो, भिगवणवरून बारामती सरळ पडते, उगाच उलटं इंदापूरला कशाला? त्यावर तो नुसता हसला. शब्द दिलाय, म्हणाला. आणि आजच्या दिवशी तर जायलाच पाहिजे.

काट्यावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पलीकडच्या काट्यावर रांग आणि इकडं आम्ही एकटेच. तात्या फडकं घेऊन बाहेर आले, दारावरचे आकडे पुसायला लागले आणि पुसता पुसता वर बघितलं. दत्तू खाली उतरून त्यांना हौद्याच्या मागं घेऊन गेला. मी मागून गेलो. तात्यांनी कडीला हात लावला. बोट आत जाईल एवढीच जागा राहिली होती, त्यांनी त्यात बोट घातलं आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं कडीवरचा गाळ पुसला.

दत्तू गाडीत चढायला निघाला. गाडी अजून काट्याच्या पाटावर घ्यायची होती. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, जावईबापू. जावा घेऊन."

दत्तूला वाटलं, वजन राहिलंय हे त्यांच्या ध्यानात नाही. तो म्हणाला, "मामा, वजन करायचं हाय अजून."

"ह्येचं न्हाय करायचं. ह्यो घरचा जीव हाय."

आम्ही दोघंही थांबलो. मी तात्यांना म्हणालो, टायर बघा, गाडी बसलीय. त्यांनी टायरकडं बघितलंसुद्धा नाही. दत्तूनं माझ्याकडं बघितलं आणि खांदे उडवले. ज्या माणसानं आयुष्यभर दोन-दोन खोडांसाठी भांडणं केली, तोच जा म्हणतोय, म्हणजे जायला हरकत नसणार. असंच त्याला वाटलं असणार. आम्हा सगळ्यांना ओझ्याचा विचार तात्यांवर सोडून द्यायची सवय झाली होती. तात्यांनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, तुम्ही मागनं एस.टी.नं जा, मला चिंचेचं सांगायचंय. दत्तू हात हलवून गेला. मी जिवंत आहे तो त्या चहामुळं.

त्यांनी सांगितलं ते सगळं मला आठवतं. चिंचेखाली मेंढरं बसायची, घोडं बांधलेलं असायचं, आई तिथं ताक घुसळायची, कुसुमचा पाळणा पहिल्यांदा तिथंच टांगला होता. पाणी चढत आलं तेव्हा सगळी माणसं ट्रॅक्टरवर बसून निघाली आणि ती चिंच तेवढी हिरवीगार मागं राहिली. तात्या हे सांगत होते आणि मधूनच हसत होते. मग निमगावकडून एक मोटारसायकलवाला आला. त्यानं काट्यासमोर गाडी थांबवली आणि विचारलं, आत्ता हितनं लाकडाची गाडी गेली का?

निमगावच्या पुढं एका ओढ्याशी रस्ता खाली उतरतो. त्या उतारात एक एस.टी. बंद पडून उभी होती आणि प्रवासी उतरून रस्त्यावरच बसले होते. दत्तूनं ब्रेक दाबला आणि ट्रक उभा केला. एस.टी.पासून चार हातांवर. एकाही प्रवाशाला ओरखडा आला नाही. ट्रक थांबला, पण मागचं लाकूड थांबलं नाही. शेवाळलेले ओंडके दोरातून सुटून पुढं सरकले आणि केबिनची मागची भिंत घेऊन आत गेले. चिंचेचा बुंधा सगळ्यात पुढं होता. त्या प्रवाशांतली काही माणसं पुढं कितीतरी दिवस अंथुर्ण्याला दत्तूच्या घरी येऊन जात होती. त्याचं काय करायचं हे त्या घरातल्या कुणाला कळत नव्हतं.

अंथुर्ण्याला आम्ही पोचलो तेव्हा बायकांचा आकांत चालला होता. कुसुम भिंतीला टेकून बसली होती, पोर मांडीवर. ती रडत नव्हती. तात्यांना बघून तिनं विचारलं, "गाडी काट्यावर आलीती का, तात्या?"

"आलीती."

"किती भरली?"

तात्या तिच्यासमोर उभे होते. ज्यांचा आकडा हायवेवर ऐकू जायचा, ते तोंड उघडून उभे राहिले. तिनं पुन्हा विचारलं. मग आजूबाजूच्या बायकांनी तिला जवळ घेतलं, बोलू नको म्हणाल्या, आणि तो प्रश्न तिथंच राहिला. मी सगळं बघितलं होतं, पण ती मला विचारत नव्हती.

पुढं पंचनामा झाला, लाकूड जप्त झालं आणि एका कंपाउंडात पडलं. मग ते कुणाचं यावर वाद लागला. झाडाची भरपाई धरणाच्या वेळीच दिलीय तेव्हा झाड सरकारचं, असं एका खात्याचं म्हणणं. आमच्या मालकांचं म्हणणं वेगळं. ह्या भानगडीत दोन उन्हाळे गेले. तात्या ह्या काळात काटा चालवत होते, पण आकडा हळू वाचायला लागले होते. जास्त भरलेल्या गाडीतून खोडं उतरवायची ताकद त्यांच्यात राहिली नाही, असं लोक म्हणत. खरं म्हणजे ते उतरवत होतेच, फक्त भांडत नव्हते. ड्रायव्हर शिव्या देई आणि ते ऐकून घेत. मला ते बघवत नसे. आधीचे खेकसणारे तात्या मला हवे होते.

लाकूड सुटलं तेव्हा तात्या स्वतः बारामतीला वखारीत आले आणि मालकांना म्हणाले, वखारीत नेण्याआधी ते माझ्या काट्यावर आणा. मालकांनी काय मनात आणलं कुणास ठाऊक, हो म्हणाले. दोन ट्रॉल्यांतून लाकूड आणलं. बातमी पसरली होती, पळसदेवची भावकी आली होती, पलीकडच्या काट्यावरचे ड्रायव्हरही रस्ता ओलांडून आले. कुसुमला तात्यांनी निरोप धाडला होता. ती आली आणि पोराला कडेवर घेऊन खोलीच्या दाराशी उभी राहिली.

पहिली ट्रॉली झाली, दुसरी झाली. रिकाम्या ट्रॉल्यांची वजनं वजा केली. बेरीज मीच केली आणि पुन्हा करून पाहिली. नऊच्या आत. आरामात आत. गर्दीतून कुणीतरी सुस्कारा सोडला. भावकीतला एक म्हातारा पुढं आला आणि तात्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सुटलास गड्या. कायद्यातच व्हती गाडी. नशीब त्येचं, दुसरं काय." दोन-चार जणांनी माना हलवल्या. मलाही एक क्षण बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तात्या ट्रॉलीपाशी गेले आणि त्यांनी चिंचेच्या बुंध्यावर नखानं टकटक केलं. कोरडा आवाज आला. बुंध्याला बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या. ते कुसुमकडं वळले.

"वाळलंय, बाय. ह्येच्यातलं पानी गेलं. ह्ये वजन त्या दिवसाचं न्हाय." मग थांबून म्हणाले, "त्या दिवसाचं मी केलं न्हाय. गाडी आलीती. मीच जा म्हणालो."

म्हाताऱ्यानं पाठीवरचा हात काढून घेतला. कुसुमनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

ती म्हणाली, "मला आकडा न्हवताच पायजे, तात्या. ह्ये पायजे व्हतं. दोन वर्सं वाट बघितली."

आणि ती निघाली. हायवेच्या कडेला उभी राहून तिनं हात केला आणि एस.टी.त बसून गेली. त्यानंतर ती माहेरी यायची, आईला भेटायची, पण काट्यावर कधी आली नाही. चिंच आमच्या मालकांनी वीटभट्टीला विकली. कडीबद्दल तात्यांनी विचारलं नाही.

मी वखार सोडली आणि दुसरीकडं नोकरीला लागलो. इंदापूरकडं जाणं संपलं. बऱ्याच दिवसांनी एकदा ओळखीच्या ट्रकमधून त्या बाजूनं चाललो होतो, भुशाची पोती होती गाडीत. ड्रायव्हर तात्यांना ओळखणारा, जुना. म्हणाला, वजन करून जाऊ, म्हातारा अजून आहे. गाडी काट्यावर चढली. तात्या फार वाळले होते. फडक्यानं दारावरचे आकडे पुसले आणि त्यांच्याच हातचे असूनही ते वाचायला डोळे बारीक केले. मला त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही.

सवयीनं ड्रायव्हर दार उघडून खाली उतरायला लागला. मीही पाय बाहेर टाकला. तात्यांनी काठी पत्र्यावर आपटली.

"बसा आत," ते म्हणाले. "कुणी उतरायचं न्हाय. जीवबी वजनात धरायचा."